हाताने भरलेल्या काडतुसांनंतर बोल्ट जड का जातो?

घरी स्वतः भरलेल्या काडतुसाचा बार झाल्यावर बोल्टचं (रायफलीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याचं) हँडल नेहमीसारखं वर आलं नाही, तळहाताचा रेटा द्यावा लागला, तर त्या लोडची (त्याच मापाने भरलेली) पुढची गोळी झाडू नका. ‘एखादी असेल घट्ट, पुढची नीट जाईल’ म्हणत उरलेला डबा संपवणारे मी पाहिले आहेत. जडपणाचं कारण अगदी साधं असू शकतं, तसंच ते चेंबरमधल्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीतल्या) वाढलेल्या दाबाचंही असू शकतं, आणि हाताला सुरुवातीला दोन्ही सारखेच लागतात. खरं कारण सापडेपर्यंत ते दाबाचंच आहे असं धरून चाला.

ही तक्रार एकदा जाऊन पुन्हा परत येते, ती का? बहुतेक जण पावडर अर्धा ग्रेन (पावडर तोलायचं बारीक एकक) कमी करतात, चार-दोन वेळा बोल्ट हलका जातो, आणि तक्रार मिटली असं वाटतं. माझ्या .३०८ विंचेस्टर कॅलिबरच्या रायफलीत ती दोन हंगाम अशीच येत-जात राहिली. मी पावडर कमी करत राहिलो आणि दुखणं भलतीकडेच होतं. ती हकीकत पुढे येईल, पण आधी हँडल उचलताना आत काय घडतं ते बघू, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

बहुतेक शिकारी रायफली माउझर ९८ च्या वळणाच्या असतात. त्यांत हँडल वर उचलताना फायरिंग पिनची (बार उडवणाऱ्या सुईची) स्प्रिंग दाबली जाते, म्हणजे रायफल कॉक होते, पुढच्या बारासाठी ताणली जाते. त्याच उचलीच्या शेवटच्या टप्प्यात हँडलचं मूळ, बोल्ट ज्यात सरकतो त्या रिसिव्हरच्या उतारावर सरकतं आणि अख्खा बोल्ट थोडासा मागे रेटला जातो. काडतुसाची पितळी पुंगळी चेंबरच्या भिंतीपासून सुटते ती या क्षणी. म्हणून उचल कुठे जड आहे हे नीट लक्षात घ्या. अगदी सुरुवातीपासून जड असेल, तर पुंगळीचं बूड बोल्टच्या तोंडावर दाबून बसलंय आणि लग (बोल्ट बंद ठेवणारे त्याचे दात) अडकून घासताहेत, किंवा स्प्रिंग आणि कॉकिंगचा उतार कोरडा आहे. सुरुवात हलकी आणि अगदी वरच्या टोकाला ‘कट्’ असा झटका बसत असेल, तर पुंगळी बुडाजवळ चेंबरमध्ये घट्ट धरली गेली आहे. हँडल सहज वर येऊन बोल्ट मागे ओढायला जोर लागत असेल, तर पुंगळीचं अंग भिंतीला चिकटलंय किंवा चेंबर खरखरीत आहे.

सगळ्या रायफलींना मात्र एकच माप लावू नका. ली-एनफील्ड रायफल बोल्ट बंद करताना कॉक होते, त्यामुळे तिची उचल मुळातच हलकी असते आणि तिथे जडपणा आला तर स्प्रिंगला दोष देता येत नाही. उलट तीन लगच्या, साठ अंशांत उघडणाऱ्या बोल्टला तीच स्प्रिंग कमी अंतरात दाबावी लागते. अशी रायफल नव्याने घेतलेल्या माणसाला तिची नेहमीची उचलही जड वाटते.

तपासणी घरी, रिकाम्या रायफलीवर सुरू करा. चेंबर आणि मॅगझिन डोळ्यांनी बघा, बोट घालून खात्री करा, आणि टेबलावर एकही जिवंत काडतूस ठेवू नका. रिकामा बोल्ट बंद करून ट्रिगर न दाबता हँडल उचला. मग पुन्हा बंद करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवून ट्रिगर दाबा आणि हँडल उचला. पहिल्या वेळी स्प्रिंग आधीच दाबलेली होती, दुसऱ्या वेळी ती तुमच्या हाताने दाबली गेली. दोन्हींत जो फरक जाणवला तो निव्वळ कॉकिंगचा भार. हाच फरक मोठा लागत असेल, तर पावडरकडे जाण्याआधी लगच्या मागच्या बाजूला आणि कॉकिंगच्या उतारावर ग्रीसचा पातळ हात द्या. लगवर ओरखडे किंवा धातू सोलल्यासारखे डाग दिसले, तर ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराचं आहे.

दुसरी पायरी रेंजवरची आहे: कारखान्यातून आलेली, योग्य कॅलिबरची पाच काडतुसं झाडा. त्यांच्यावर बोल्ट हलका असेल तर रायफल बहुधा ठीक आहे आणि दोष तुमच्या भरणीत आहे. त्यांच्यावरही जड असेल तर दोष रायफलीत शोधा. ही पाच काडतुसं वाचवण्याच्या नादात मी दोन हंगाम घालवले, म्हणून हे कळकळीने सांगतोय.

तिसरी पायरी: डायमधून (झाडलेली पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढलेली, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) नसलेली, पावडर नसलेली रिकामी पुंगळी चेंबरमध्ये घालून बोल्ट बंद करा. बंद करतानाच जोर लागतोय का? लागत असेल तर उत्तर मिळालं. जे काडतूस झाडण्याआधी घट्ट बसतं ते झाडल्यावर सैल होणार नाही. बोल्टमधून फायरिंग पिनचा संच आणि स्प्रिंगवाला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारी खिळी) काढून हीच परीक्षा केली तर फारच स्पष्ट कळतं. नीट साइज झालेल्या, म्हणजे डायने मापात आणलेल्या, पुंगळीवर हँडल जवळजवळ स्वतःच्या वजनाने खाली पडतं. कुठे अडतंय हे कळत नसेल, तर पुंगळीला काळ्या मार्करने रंगवा आणि पुन्हा घाला. जिथला रंग घासला गेला तिथे ती टेकते: खांद्यावर (निमुळता होणारा भाग), मानेवर (बुलेट धरणारा भाग) की बुडाजवळ.

आता दाबाकडे वळू. यात चुकीला जागा नाही.

बार झाला की पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला टेकते, आणि चेंबरचं पोलादही किंचित ताणलं जातं. दाब उतरला की दोन्ही आकसतात. सर्वसाधारण दाबावर पुंगळी जरा जास्त आकसते, मधे केसभर फट राहते आणि ती सुटते. दाब फार वाढला की पोलाद जास्त ताणलं जाऊन पूर्ण मागे येतं, पितळ मात्र आपली हद्द ओलांडून तिथेच राहतं. मग आकसलेलं पोलाद फुगलेल्या पितळाला धरून ठेवतं. हाताला जाणवते ती ही पकड.

अमेरिकेतल्या सामी या संस्थेच्या मानकांत .३०-०६ या काडतुसासाठी कमाल दाब ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .३०८ विंचेस्टरसाठी ६२,००० आणि .२७० विंचेस्टरसाठी ६५,०००. चांगल्या अवस्थेतली आधुनिक बोल्ट रायफल आणि चांगलं पितळ या आकड्यांवर कुरकुर करत नाही. त्यामुळे दाबाने बोल्ट जड झाला असेल, तर मर्यादा तेव्हा ओलांडली असं समजू नका, ती आधीच मागे पडलेली असते. भरणी करणाऱ्यांत एक सवय फार पसरली आहे: बोल्ट जड होईपर्यंत पावडर वाढवत जायची, मग अर्धा ग्रेन खाली उतरायचं आणि ‘हा माझ्या रायफलीचा कमाल लोड’ म्हणायचं. ही रीत मला अजिबात मान्य नाही. अर्धा ग्रेन खाली उतरल्यावर तुम्ही अजूनही मर्यादेच्या वरच असू शकता, फक्त रायफल गप्प बसलेली असते. शिवाय तो अर्धा ग्रेन थंड सकाळी पुरेसा ठरला तरी तळपत्या दुपारी ठरेलच असं नाही. कमाल लोड भरणीच्या छापील तक्त्यातून ठरतो, तळहाताच्या अंदाजाने नव्हे.

संशय आला की पुंगळ्या उजेडात नीट बघा. बुडावर, कोरलेल्या अक्षरांच्या शेजारी, इजेक्टरच्या भोकाएवढा चकचकीत गोल ठसा किंवा त्याचं घासलेलं अर्धवर्तुळ दिसलं, तर पितळ त्या भोकात वाहून गेलं आहे. बोल्ट जड आणि हा ठसा, असं दोन्ही एकत्र आलं की मी पुढे वाद घालत नाही. नवा प्रायमर बसवताना पॉकेट (त्याचा खळगा) सैल लागणं, एक-दोन वेळा वापरलेल्या पुंगळीतच तसं होणं, हीही तशीच भक्कम खूण. प्रायमर फुटून काळं पडलं असेल तर सगळं तिथेच थांबवा.

चपटा प्रायमर मात्र एकटा फारसा विश्वासाचा नाही. काही कंपन्यांचे प्रायमर मऊच असतात. हेडस्पेस (पुंगळीचं बूड आणि बोल्टचं तोंड यांच्यातली मोकळी जागा) जास्त असेल तर सौम्य लोडमध्येही प्रायमर आधी मागे सरकतो, मग पुंगळी मागे येऊन त्याला चेपते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की दाब भयंकर होता. फायरिंग पिनच्या खुणेभोवती उठलेली कडा बोल्टमधलं पिनचं भोक ढिलं असल्यामुळेही येते. कारखान्याच्या काडतुसांवरही तशीच कडा दिसत असेल तर तो तुमच्या रायफलीचा स्वभाव आहे.

याहून चांगला साक्षीदार क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र. वेग फुकट मिळत नाही. तक्त्यातल्या कमाल लोडला जो वेग दिलाय तोच तुम्हाला दोन ग्रेन कमी पावडरवर मिळत असेल, किंवा तुमची नळी तक्त्यातल्या चाचणीच्या नळीपेक्षा आखूड असूनही तुमचा वेग जास्त असेल, तर दाबही जास्तच आहे. बोल्ट जड आणि वेग अपेक्षेपेक्षा बराच वर, म्हणजे दाबाचं दुखणं. बोल्ट जड पण वेग अगदी तक्त्याप्रमाणे किंवा खाली, म्हणजे शोध दुसरीकडे वळवायला हरकत नाही. हा एक आकडा माझ्याकडे पहिल्या हंगामात असता तर माझा बराच त्रास वाचला असता.

दाब वाढला हे ठरलं, तर तो कशाने वाढला? मी नेहमी पावडर तोलायच्या काट्यापासून सुरुवात करतो. प्रमाणित वजन ठेवून तपासा, पंख्याचा वारा आणि जवळचा मोबाइल दूर करा. मग स्वतःला विचारा की मागच्या चांगल्या भरणीपासून काय बदललं. पावडरचा नवा डबा उघडला का? एकाच नावाच्या पावडरच्या दोन लॉटमध्ये फरक असतो, म्हणून नव्या लॉटवर जुना कमाल लोड सरळ उचलायचा नसतो. पुंगळ्यांची कंपनी बदलली का? जाड भिंतींच्या, विशेषतः लष्करी बनावटीच्या पुंगळ्यांत आतली जागा कमी असते आणि तेवढ्याच पावडरवर दाब चढतो. बुलेट बदलली का? वजन तेच असलं तरी अखंड तांब्याची बुलेट शिशाच्या गाभ्याच्या बुलेटपेक्षा लांब असते, पुंगळीत खोल जाते आणि नळीला वेगळ्या तऱ्हेने घासते. तिला तिचाच तक्ता हवा. साध्या प्रायमरच्या जागी जास्त जोराचा मॅग्नम प्रायमर आला का? बुलेट इतकी बाहेर बसवली का, की ती थेट आट्यांना (नळीच्या आतल्या पिळाला) टेकते? अचूकतेसाठी मुद्दाम तसं करणारे आहेत, पण आट्यांपर्यंतची मोकळी जागा उडी मारून जाणाऱ्या बुलेटसाठी ठरवलेला लोड टेकलेल्या बुलेटला चालत नाही. यातलं काहीही बदललं असेल तर लोड तक्त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून, म्हणजे साधारण कमालच्या दहा टक्के खालून, पुन्हा चढवत आणायचा.

पुंगळीची लांबी हे कारण सहसा नजरेतून सुटतं. दर बाराबरोबर पितळ पुढे सरकतं आणि मान लांबते. .३०८ ची पुंगळी २.०१५ इंचांपेक्षा लांब असता कामा नये. कापून ती २.००५ वर आणतात. लांबलेल्या मानेचं तोंड चेंबरच्या टोकाला जाऊन चिमटलं जातं, बुलेटला सुटायला जागा उरत नाही आणि एरवी सौम्य असलेला लोड एकदम चढतो. एखादीच पुंगळी जड जाते, बाकीच्या ठीक, असं होत असेल तर आधी त्या एकीची लांबी मोजा. त्याच्याच शेजारचं दुसरं दुखणं म्हणजे चेंबरच्या टोकाशी साचलेली कार्बनची कडक कडा. नळी स्वच्छ दिसते, ब्रश फिरवून झालेला असतो, तरी ही कडा तिथेच असते आणि तोंडाला तसाच चिमटा काढते. शेकडो बार चांगला चाललेला लोड हळूहळू जड होत गेला असेल, तर मी पावडरला हात लावण्याआधी ही कडा शोधतो.

तेलाचंही सांगायला हवं. पुंगळीवर राहिलेलं साइझिंगचं वंगण, चेंबरमध्ये सोडलेलं तेल, पावसात भिजलेलं काडतूस, या सगळ्यांत पुंगळीला भिंतीची पकड मिळत नाही आणि मागे येणारा सगळा रेटा बोल्टच्या लगवर पडतो. भरलेलं प्रत्येक काडतूस कोरड्या फडक्याने पुसा आणि रेंजवर जाण्याआधी चेंबर कोरडं करा. उन्हाचं भान त्याच बरोबरीने ठेवा: गाडीच्या काचेखाली तापलेला डबा, किंवा दहा बार झालेल्या गरम चेंबरमध्ये नेम धरताना मिनिटभर थांबलेलं काडतूस, दोन्ही दाब वाढवतात. उष्णतेला कमी दाद देणाऱ्या पावडरी मिळतात आणि त्या वापरण्यासारख्या आहेत, तरी कमाल लोडच्या टोकावर त्यांच्याही भरवशावर राहू नका.

आता माझी हकीकत. सुरुवात हलकी आणि हँडलच्या वरच्या टोकाला ‘कट्’. दहातल्या दोन-तीन पुंगळ्यांनाच व्हायचं. पावडर अर्धा ग्रेन कमी केली, मग एक, मग दीड. काही दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. इजेक्टरचा ठसा नाही, पॉकेट घट्ट, क्रोनोग्राफ उसना आणून पाहिलं तर वेग तक्त्याच्या खाली. तरी मी दाबाचाच पिच्छा पुरवत होतो, कारण जड बोल्ट म्हणजे दाब एवढंच शिकलो होतो.

वाट सापडली ती पुंगळ्यांवर खुणा करायला लागल्यावर. ज्या पुंगळीला ‘कट्’ झालं तिच्या बुडावर मार्करचा ठिपका. पुढच्या भरणीत सगळ्या पुन्हा मिसळून झाडल्या, तर ‘कट्’ झालेल्या जवळजवळ सगळ्या ठिपकेवाल्याच निघाल्या. सगळ्यांत लोड एकच होता, म्हणजे दोष पावडरीत नव्हता, त्या पुंगळ्यांत होता. मग मायक्रोमीटर घेऊन बुडापासून ०.२०० इंचांवर, जिथे भिंत जाड होऊन बुडाला मिळते तिथे, व्यास मोजला. चांगल्या पुंगळ्या डायमधून निघाल्यावर झाडलेल्या मापापेक्षा दीड-दोन थाऊ बारीक होत होत्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, कारखान्यात हाच शब्द चालतो). ठिपकेवाल्या जेमतेम अर्धा थाऊ. पाच-सहा वेळा झाडून तिथलं पितळ फुगत गेलं होतं आणि माझी डाय त्या जागेला पुरेशी दाबतच नव्हती. वरचं अंग ठीक, खांदा ठीक, मान ठीक. बार झाला की एवढी एकच पट्टी चेंबरमध्ये रुतून बसायची, आणि बोल्ट मागे रेटला जाण्याच्या क्षणी सुटताना झटका द्यायची.

पावडर कमी केल्यावर काही दिवस बरं का वाटायचं, तेही तेव्हा उलगडलं. दाब कमी म्हणून पुंगळी त्या वेळी थोडी कमी फुगायची. पण आधीचं फुगणं डाय काढत नसल्यामुळे दर बाराला थोडं थोडं जमत जायचं, आणि चार-दोन भरणींनंतर पुन्हा तीच जागा.

उपाय स्मॉल बेस डायचा. ती बुडाजवळ नेहमीच्या डायपेक्षा थोडं जास्त दाबते. तिने ठिपकेवाल्यांपैकी अर्ध्याअधिक पुंगळ्या सुधारल्या, उरलेल्या मी भंगारात टाकल्या. नवी डाय घेण्याआधी मात्र जुनी डाय नीट लावली आहे ना ते बघा. शेल होल्डर (प्रेसवर पुंगळीचं बूड धरणारा भाग) डायला पूर्ण टेकत नसेल, प्रेसचा दांडा खाली आल्यावर मधे उजेडाची रेघ दिसत असेल, तर बुडाजवळचा भाग डायमध्ये शिरतच नाही. नुसतं टेकवून चालत नाही म्हणून जास्त खाली घेतली, तर खांदा गरजेपेक्षा मागे जातो, हेडस्पेस वाढतं, आणि दोन-चार बारांत पुंगळी बुडाच्या वर तुटायला येते. खांदा झाडलेल्या मापापेक्षा एक ते दोन थाऊ मागे, बोल्ट रायफलीसाठी एवढं पुरतं. त्यासाठी कंपॅरेटर (खांद्याची जागा मोजणारं साधन) लागतो. नुसत्या नजरेने हे जमत नाही.

फक्त मान साइज करणाऱ्यांना हीच तक्रार थोड्या वेगळ्या रूपात येते. तीन-चार बारांनंतर त्यांची पुंगळी चेंबरच्या आकाराचीच होते आणि बोल्ट बंद करतानाही जड, उघडतानाही जड. एकदा पूर्ण साइज करा, प्रश्न मिटतो.

पुंगळी पूर्णच अडकली आणि हँडल हलतच नाही, तर हातोडी उचलू नका. बार झाला नसेल, किंवा झाला की नाही याची खात्री नसेल, तर ते जिवंत काडतूस आहे असं समजून नळी सुरक्षित दिशेला ठेवा, थांबा आणि जाणकाराकडे न्या. नळीतून सळई घालणं, दांड्यावर ठोकणं, यातलं काहीही नको. बार नक्की झालेला असेल तर रायफल थंड होऊ द्या. पोलाद आणि पितळ निवल्यावर पुष्कळदा हँडल तळहाताच्या सरळ दाबाने उचललं जातं. मग नळीच्या पुढच्या टोकाकडून उजेड आरपार दिसतो का ते बघा. बुलेट आत अडकली असेल तर पुढचा बार रायफल फाडतो. पुंगळी तशीच चेंबरमध्ये राहिली तर पुढून सळई हळू ठोकून ती बाहेर काढा. तिच्यावर तारीख आणि लोड लिहून वेगळी ठेवा, आणि त्या भरणीच्या उरलेल्या काडतुसांमधल्या बुलेट पुलरने (बुलेट ओढून काढायच्या साधनाने) काढून प्रत्येकीतली पावडर पुन्हा तोला.